हरकत नाही

"मग तुम्ही साइन का केलंत?"

उन्नतीने विचारलं तेव्हा तिची नजर मगरीवर होती. जानेवारीतला पहिला रविवार. साडेअकरा वाजून गेले तरी फूलबागेवरचं धुकं हलायला तयार नव्हतं. प्राणिसंग्रहालयातली ती मगर हौदाच्या काठावर जबडा वासून अशी पडली होती की ती जिवंत आहे की मेलेली, यावर कुंपणापाशी जमलेल्या माणसांत दहा मिनिटं वाद चालला होता. विक्रमसिंह शेंगा सोलत होता. दाणे मुलीच्या तळहातावर ठेवायचे, टरफलं आपल्या खिशात टाकायची, एवढं एक काम त्याला सापडलं होतं आणि तो ते मन लावून करत होता. "काय गं?" ऐकू आलं होतं तरी त्याने विचारलं. "त्या कागदावर साइन. आई तर म्हणाली होती, बाबा कधीच करणार नाहीत. शेजारच्या शांताताईंना म्हणत होती, लिखकर ले लो." विक्रमच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुझ्या भल्यासाठी केली," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच खिडकीपलीकडच्या कारकुनासारखा वाटला. "अच्छा," उन्नती म्हणाली. तेवढ्यात मगरीने शेपूट जराशी ओढून घेतली, लोक ओरडले, उन्नतीही उड्या मारत ओरडली, "देखा! मैंने बोला था ना, ज़िंदा है!" आणि तिच्यापुरता विषय संपला.

त्याचा संपला नाही. तो तिच्यामागून पिंजऱ्यांसमोरून चालत राहिला, हरणं पाहिली, मोर पाहिले, पांढऱ्या वाघाची पाठ पाहिली, आणि डोक्यात ते 'अच्छा' चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. उन्नती दहा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी विक्रम आणि मधुवंती यांचा घटस्फोट झाला. भांडण न होता झाला, आणि मुलगी आईकडे राहील, दर रविवारी दहा ते सहा वडिलांकडे, असं ठरलं. मुलीला देशाबाहेर न्यायचं असेल तर वडिलांची लेखी संमती लागेल, हेही त्याच आदेशात होतं. मधुवंती फिजिओथेरपिस्ट. तिला न्यूझीलंडमधल्या कुठल्याशा गावातल्या इस्पितळात तीन वर्षांची नोकरी मिळाली होती. महिनाअखेरच्या गुरुवारी दिल्लीहून विमान होतं. तोवर रविवार उरले होते चार, आणि त्यातल्या एकाचे दीड तास मगरीपुढे गेले होते. हे चार रविवार आपण उन्नतीला ग्वाल्हेर नीट दाखवायचं, असं त्याने ठरवलं होतं. परदेशात कुणी विचारलं, तुझ्या गावात काय आहे, तर पोरीला सांगता यावं. मधुवंतीला त्याने तसा संदेशही पाठवला होता. तिचं उत्तर आलं होतं, हरकत नाही. हा खरं तर त्याचा शब्द. पंधरा वर्षांत तिच्या तोंडी तो कधी बसला, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

सही नोव्हेंबरात झाली होती. इंदरगंजच्या चौकात, वकिलांच्या टेबलांच्या रांगेत, एका नोटरीपुढे. विक्रमचं दुकान तिथून शंभर पावलांवर. सराफांचे काटे विकणं आणि दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. आजोबा घोडदळातून सुटले तेव्हा त्यांनी तराजूंचं दुकान टाकलं, आता तराजूच्या जागी काचेच्या पेटीतले इलेक्ट्रॉनिक काटे आले, एवढाच फरक. त्या दिवशी मधुवंती फाइल घेऊन आली होती. करड्या रंगाचा कुर्ता, केस घट्ट बांधलेले, ओठ मिटलेले. परीक्षेला निघालेली मुलगी तयारी करून येते तशी ती आली होती, हे त्याला दिसलं होतं. फाइलमध्ये शाळेची माहिती होती, घराचे फोटो होते, सुट्टीत मुलीला केव्हा आणणार याचा तक्ता होता. ती फाइलची दोरी सोडत होती तोवर त्याने नोटरीला विचारलं, "कहाँ करना है?" आणि तीन ठिकाणी सही करून मोकळा झाला. वाचलंसुद्धा नाही. मधुवंतीच्या बोटांत दोरी तशीच राहिली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय आलं, ते त्याने आभार म्हणून घेतलं होतं. आता फूलबागेत, धुक्यात, तो चेहरा परत डोळ्यांपुढे धरला तर त्यात आभार कुठे सापडेना. जिना उतरताना एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीतरी त्या चेहऱ्याचं झालं होतं. मग त्याने तिला चहा पाजला. तिने अर्धा ठेवला. आणि तो दुकानाकडे परतताना शीळ घालत होता. हो, शीळ घालत होता. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने विचारलंही होतं, "क्या बात है, भैया, बड़े मूड में हो?"

ती शीळ कशाची होती, हे त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याने स्वतःला विचारलं. आधी उत्तर आलं, मोठेपणाची. आपण आडवे आलो नाही, याची. ते काही खोटं नव्हतं. त्याचे वडील, दौलतसिंह, जन्मभर लोकांना आडवे येत राहिले. विक्रमच्या बहिणीला पुण्याला शिकायला जायचं होतं, तर गाडीच्या दिवशी ते दारात खुर्ची टाकून बसले, आणि गाडी गेल्याची वेळ घड्याळात पाहून उठले. मंदाताईंची, म्हणजे विक्रमच्या आईची, आई झाशीला शेवटच्या घटका मोजत होती, तर यांनी तीन दिवस 'उद्या बघू' म्हणून काढले. माणसाच्या वाटेत उभं राहणं म्हणजे काय ते विक्रमने दारामागून पाहिलं होतं, आणि तेव्हाच मनाशी बांधून ठेवलं होतं की आपण कुणाची वाट अडवायची नाही. पण वडिलांचीही त्याने कधी अडवली नाही. मधुवंती ब्राह्मणाची, तिचे वडील गोविंदराव कीर्तनकारांच्या घराण्यातले. दौलतसिंह जिवंत असेपर्यंत हे लग्न होणं नव्हतं. विक्रम त्यांच्यापुढे अवाक्षर बोलला नाही. तो थांबला. मधुवंती चार वर्षं थांबली. म्हाताऱ्याचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या महिन्यात लग्न झालं. लोक म्हणाले, किती समजूतदार मुलगा. मधुवंती लग्नाच्या पहिल्या आठवड्यात एकदा हसत म्हणाली होती, "तुझे बाबा शंभरी गाठणारे असते तर?" त्यानेही हसून म्हटलं होतं, "तर आपण काठी टेकत बोहल्यावर चढलो असतो." त्या वेळी दोघं खूप हसली होती.

पण मोठेपणाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं आणि पहाटे तीनच्या सुमारास ते वर आलं. सही करताना त्याला सुटल्यासारखं झालं होतं. दहा ते सहा, आठ तास. आठ तास एका मुलीचं काय करायचं, हे दर शनिवारी संध्याकाळपासून त्याला भेडसावायचं. सकाळी बेडई-जिलेबी, मग बाग, मग मॉलमधला थंडगार मजला, खेळण्यांच्या दुकानातला तो कर्कश घोडा, जेवण, आणि मग तीन वाजता एक असं भगदाड पडायचं की त्यात काय भरावं हे कळायचं नाही. उन्नती फोन मागायची, तो द्यायचा. ती फोनमध्ये असायची आणि तो तिच्या भांगाकडे पाहत असायचा. चार वाजता तो घड्याळ बघायचा. सव्वाचारला पुन्हा. तिला थाटीपूरला आईकडे सोडून स्कूटर वळवली की खांदे खाली यायचे, आणि घरी येईपर्यंत तिची आठवण यायला लागायची. ती नसताना तिच्यावर त्याचा जीव होता. हे वाक्य त्याने मनात म्हटलं आणि पांघरुणात त्याला घाम फुटला.

तशी ती लहान असताना हे असं नव्हतं. पाच वर्षांची असताना ती दुकानात येऊन तासन्तास बसायची आणि काट्यावर काय वाटेल ते मोजायची. तांदळाचा दाणा, पापणीचा केस, मुंगी. एकदा तिने कोरा कागद मोजला, मग त्यावर पेन्सिलीने 'उन्नती' लिहिलं आणि परत मोजला. आकडा सरकला होता. "बाबा, माझं नाव इतकं आहे!" तेव्हा तिचा श्वास लागून आकडा नाचायचा आणि तो म्हणायचा, श्वास धर. ती गाल फुगवून श्वास धरायची. तेव्हा मधुवंती दुकानाच्या दारात उभी राहून दोघांकडे पाहायची. दिल्लीतल्या इस्पितळाची पहिली संधी तिला तेव्हाच आली होती. ती म्हणाली, जाऊ का? तो म्हणाला, हरकत नाही. ती गेली नाही. मग काही वर्षांनी म्हणाली, मला वाटतं आपण वेगळं व्हावं. तो म्हणाला, तुझी तशी इच्छा असेल तर. तेव्हा मात्र ती ओरडली होती, सगळ्या संसारात एकदाच: "तुला कधी कुणाला अडवावंसंच वाटत नाही का रे?" त्याला तो आरोप वाटलाच नाही. त्याला ते प्रशस्तिपत्रक वाटलं होतं.

दुसऱ्या रविवारी उन्नती घरी आली. संक्रांत मंगळवारी होती, पण तिचा वार रविवार, म्हणून मंदाताईंनी दोन दिवस आधीच तिळगूळ केला आणि वर मुरैन्याची गजक, तिळाची खुसखुशीत वडी, आणवली. शिंदे की छावणीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत सकाळपासून भाजलेल्या तिळाचा वास होता. "तिथे मराठी कोण बोलणार गं तुझ्याशी?" आजीने विचारलं. "मी स्वतःशी बोलेन," उन्नती म्हणाली. "आणि आईशी. आणि आजी, तुझ्याशी व्हिडिओवर." मंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला. उन्नती गोंधळली, मग आजीच्या पाठीवर तिने दोनदा थोपटलं, रिक्षावाल्याने रिक्षाला थोपटावं तसं. मुलगी हात धुवायला आत गेली तशा मंदाताई दबक्या आवाजात मुलाला म्हणाल्या, "तू बाप आहेस की कोण आहेस? तुझे वडील असते तर ही पोर देशाबाहेर गेली असती?"

"ते असते तर ही पोर झालीच नसती, आई."

"तोंड चालव माझ्यापुढे. तिच्यापुढे चाललं नाही."

दुपारी तो उन्नतीला किल्ल्यावर घेऊन गेला. सासबहूची देवळं, तेली का मंदिर, सूरजकुंडाचं हिरवं पाणी. ती शहाण्यासारखी सगळं बघत होती, फोटो काढत होती, शाळेच्या सहलीत तीनदा पाहून झालंय हे तिने सांगितलं नाही. ते त्याला फोटोंवरूनच कळलं, कारण कुठून काय चांगलं दिसतं हे तिला आधीच ठाऊक होतं. तटावरून खालचं शहर धुक्यात अर्धं बुडालेलं दिसत होतं. "त्या दिवशी तू विचारलंस ना," त्याने सुरुवात केली. आठवडाभर जुळवलेली वाक्यं होती: की माणसाने प्रेम केलं तर मोकळं सोडावं, की तुझी आई हुशार आहे, की तीन वर्षं म्हणजे काय. उन्नती मोबाइल तटावर टेकवून कोन साधत होती. "क्या विचारलं?" "काही नाही." "बाबा, जरा सरकता? तुम्ही फ्रेममध्ये येताय." तो सरकला. आणि सरकताना त्याला वाटलं, ही विसरलेली नाही, हिने उत्तर शोधून काढलंय, आणि आता हिला माझ्याकडून काही नको आहे. हे वाटणं इतकं असह्य होतं की त्याने तिला ओढून जवळ घेतलं. तिच्या जाकिटाची चेन त्याच्या मनगटाला लागली. "अरे बाबा, फोन पडला असता ना!" ती म्हणाली.

तिसऱ्या रविवारी सकाळी मधुवंतीचा संदेश आला: उनूला ताप आहे, आज राहू दे. त्याने लिहिलं, हरकत नाही. मग पुढे लिहिलं, डॉक्टरला दाखवलं का? उत्तर आलं नाही. लग्नसराई सुरू झाली होती, सराफा बाजारातल्या एका पेढीचा काटा सकाळपासून भलतेच आकडे दाखवत होता, म्हणून तो हत्यारांची पेटी घेऊन तिकडे गेला. पेढीच्या आतल्या गादीवर बसून तो काट्याचं पोट उघडत असताना काचेच्या दारापलीकडून त्याला त्या दोघी दिसल्या. मधुवंतीच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. उन्नतीने नवा कोट घातला होता, गडद निळा, गुडघ्यापर्यंत, दोन वर्षं पुरावा म्हणून एक माप मोठा घेतलेला. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती. ती त्या कोटात चालून बघत होती. चार पावलं जायची, गर्रकन वळायची, परत यायची, आणि मधुवंती रस्त्यातल्या गर्दीत उभी राहून हसत होती. ताप असलेली मुलगी अशी वळत नाही. विक्रम उठला नाही. हातात बारीक पेचकस होता, समोर उघडा काटा होता, उठता आलं नसतं असं नाही. दाराबाहेर दहा पावलं. त्याला राग यायला हवा होता, आणि तो रागाची वाट पाहत बसून राहिला, आणि त्याच्याऐवजी आली ती एक जुनी, ओळखीची ऊब: चला, आज सुटलो. त्या उबेनेच तो हादरला. त्या दोघी गल्लीत वळल्या. "क्या हुआ, ठाकुर साहब, बन जाएगा ना?" पेढीवाल्याने विचारलं. "बन जाएगा," तो म्हणाला. काटा दुरुस्त करायला त्याला पाऊण तास लागला. एरवी दहा मिनिटांचं काम.

शुक्रवारी दुपारी तो अभिरामकडे गेला. अभिराम शाळेतला सोबती, आता वकील, इंदरगंजातच पहिल्या मजल्यावर बसतो. "संमती मागे घेता येते का?" विक्रमने उभ्याउभ्याच विचारलं. अभिरामने त्याला बसवलं, सगळं ऐकून घेतलं. "येते म्हणजे, अर्ज टाकता येतो. सोमवारी दाखल केला तर कोर्ट नोटीस काढील, तारीख पडेल. गुरुवारचं विमान गेलंच म्हणून समज. पुढे काय होईल ते पुढे. पण विक्रम, ती थांबली तर तिची नोकरी जाणार. मग पोरगी कुणाकडे राहील? तुझ्याकडे ठेवशील?" विक्रमने खिडकीतून खाली पाहिलं. चौकात एक टेम्पो बंद पडला होता आणि सगळे एकमेकांवर भोंगे वाजवत होते. "तू अर्ज तर कर," तो म्हणाला. अभिरामने टाइप करवून दिला. या वेळी विक्रमने प्रत्येक ओळ वाचली. 'अर्जदाराने सदर संमती भावनेच्या भरात दिलेली असून' असा काहीसा हिंदी मजकूर होता. भावनेच्या भरात! त्याने सही केली. "माझ्याकडेच ठेव, सोमवारी सकाळी टाकतो," अभिराम म्हणाला. "नको, मी आणून देतो," विक्रम म्हणाला आणि कागद घडी घालून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. रस्त्यावर आल्यावर त्याची छाती भरून आली. तिने विचारलं होतं ना, मग तुम्ही साइन का केलंत. आता तो तिला सांगणार होता, बघ, नाही केली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो कुणाच्या तरी वाटेत उभा राहणार होता. घरी जाताना त्याने मुलीसाठी लोकरी हातमोजे घेतले. मग वाटलं, ती जाणारच नाही तर हातमोजे कशाला, आणि ते दुकानदाराला परत करून आला.

शेवटचा रविवार सव्वीस जानेवारीचा होता. मेळ्याला आधीच गर्दी, त्यात सुट्टी. दर हिवाळ्यात भरणाऱ्या त्या मेळ्याच्या फाटकाबाहेर शाळकरी मुलं हातात कागदी झेंडे घेऊन फिरत होती, आत लाउडस्पीकरवर हरवलेल्या माणसांची नावं पुकारली जात होती. उन्नतीने तो निळा कोट घातला होता. "नवा आहे का?" त्याने विचारलं. "हो," ती म्हणाली, आणि ताप कसा आहे हे त्याने विचारलं नाही. आत शिरल्यावर एका बंद स्टॉलच्या ओट्यावर त्याने तिला बसवलं. त्याला वाटलं होतं, आधी थोडं बोलावं, मग सांगावं. पण धीर निघाला नाही.

"उनू, मी ती सही परत घेतोय."

"म्हणजे?"

त्याने खिशातला कागद काढून तिच्यापुढे उलगडला. "उद्या हा कोर्टात दिला की तुम्हाला जाता येणार नाही. तू विचारलं होतंस ना मला? मी चूक केली होती. आता नाही करणार."

ती हसेल, असं त्याने धरलं होतं. रडेल, गळ्यात पडेल. उन्नतीने कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिच्या तोंडावरचा रंग खालून वर उडत गेला. "पण माझी सीट बुक झालीये," ती म्हणाली. मग घाईघाईने, हिंदी-मराठी एकमेकांत पाय अडकून पडल्यासारखं: "बाबा, तिथल्या टीचरने मला व्हिडिओ पे क्लास दाखवलाय. माझ्या नावाची खुंटी पण लागलीये, कोट टांगायची, मेरा नाम लिखा है उस पे. मैंने सबको बता दिया है. गरिमाला माझी सायकल पण देऊन टाकली."

"पण तूच विचारलंस ना, सही का केली म्हणून?"

"मी तर बस विचारलं होतं, बाबा." तिचा आवाज फुटला. "बस पूछा था. प्लीज़. मत करो ना."

माणसं त्यांना वळसा घालून जात होती. विक्रमच्या हातात कागद होता. दोन तुकडे करून टाकायला एक क्षण पुरला असता. अगं वेडे, गंमत केली, म्हणता आलं असतं. त्याने कागदाची घडी घातली, परत खिशात ठेवली आणि म्हणाला, "बघू."

हा शब्द आपला नाही, दौलतसिंहांचा आहे, हे त्याला म्हणता म्हणताच कळलं. पण तो बाहेर पडला होता. उन्नती ओट्यावरून उतरली. तिने डोळे बाहीने पुसले, एक खोल श्वास घेतला, आणि मग तिने त्याचा हात धरला.

तो दिवस त्याच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर दिवस ठरला. उन्नतीने एकदाही फोन मागितला नाही. तिने त्याचा हात सोडला नाही. त्याने म्हटलं, पापड खाऊ, तर ती ताटाएवढा पापड हसत हसत खाऊ लागली, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी म्हणाली, मस्त आहे. त्याने म्हटलं, भुताच्या घरात जाऊ, तर गेली, अंधाराला ती लहानपणापासून भिते, आत ती थरथरत होती, बाहेर आल्यावर म्हणाली, "मज़ा आया, बाबा." मोठ्या पाळण्यात ती त्याला बिलगून बसली. वर गेल्यावर सगळा मेळा, दिवे, धूर, माणसांचे ठिपके पायांखाली आले तेव्हा तिने विचारलं, "तुम्ही लहान होतात तेव्हा मेळा कसा होता?" आजवर तिने त्याला त्याच्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं. जनावरांचा बाजार, उंट, दौलतसिंहांच्या खांद्यावरून दिसलेली कुस्ती. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, योग्य जागी हसत होती. मध्येच स्वतःहून आजीला फोन लावला, "आजी, आम्ही खूप एन्जॉय करतोय, बाबा कित्ती छान आहेत." सॉफ्टी खाताना तिने आपल्यातला घास त्याच्यापुढे केला. "मी रोज फोन करेन हं. रोज. दोनदा करेन," ती म्हणाली. "आणि मराठी विसरणार नाही. आणि सुट्टीत आले की सगळे दिवस तुमच्याकडे राहीन. पक्का."

आणि या सगळ्यात, दर थोड्या वेळाने, तिची नजर त्याच्या वरच्या खिशाकडे जात होती.

त्याला ते दिसत होतं. सुरुवातीपासून दिसत होतं. पापडाच्या वेळी त्याने ठरवलं, आता सांगतो. मग म्हटलं, पाळण्यातून उतरल्यावर. मग सॉफ्टीनंतर. तो लाच खात होता, दहा वर्षांच्या मुलीकडून, आणि चव इतकी गोड होती की हात आखडता घेववेना. दारात खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्याला काय सुख होत असेल, हे त्याला आज कळलं. बहिणीने त्या दिवशी वडिलांना तीनदा चहा करून दिला होता, पाय चेपून दिले होते, बाबा, बाबा करत होती. इतकं प्रेम त्या घरात पुन्हा कधी झालं नाही. चार वाजले, पाच वाजले. त्याने घड्याळ पाहिलं नाही. घड्याळ उन्नतीने पाहिलं, चोरून, दुसऱ्या कुणाच्या तरी मनगटावरचं.

पावणेसहाला थाटीपूरच्या त्या इमारतीखाली त्याने स्कूटर उभी केली. वर दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत दिवा होता, आणि उघड्या बॅगेवर वाकलेली मधुवंतीची सावली भिंतीवर हलत होती. उन्नती उतरली आणि त्याच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. घट्ट. त्याने तिच्या डोक्यावर हनुवटी टेकली. केसांना धूर आणि तेलाचा वास येत होता. कोटाच्या आतून ती म्हणाली, "तुम्ही उद्या नाही ना जाणार कोर्टात?"

आणखी एकदा 'बघू' म्हटलं असतं तर गुरुवारपर्यंत तिने रोज फोन केला असता. हे त्याने मनात मोजलं, खरोखर मोजलं, आणि मग म्हणाला, "नाही जाणार."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

मिठी सुटली. लगेच सुटली. ती एक पाऊल मागे झाली, आणि बाहीतून बोटं बाहेर काढून तिने हात पुढे केला. "तो कागद मी ठेवू?"

त्याने खिशातून काढून दिला. तिने तो उघडून पाहिला, सही त्याच्यावर आहे ना ते पाहिलं, घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, आणि वरचं बटण लावलं. "बाय, बाबा," ती म्हणाली. आवाज आता नेहमीचा झाला होता, रविवारी संध्याकाळचा, जरा दमलेला. जिन्यावर तिची पावलं दोन-दोन पायऱ्या चढत गेली. वर दार उघडल्याचा आवाज आला, मधुवंतीने काहीतरी विचारलं, आणि उन्नती म्हणाली, "कुछ नहीं, मेळ्यात गेलो होतो. बहुत भूख लगी है."

घरी मंदाताई वाट पाहत बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या मेळ्याला आल्या नव्हत्या, पण दुपारच्या फोनने त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांनी ताट वाढलं, गरम भाकरी टाकली, वांग्याची भाजी वाढली, आणि समोर बसल्या. "काय रे," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "निघताना रडली का पोर?"

विक्रमने भाकरी मोडली. "खूप," तो म्हणाला. "सोडतच नव्हती."

"रडणारच," मंदाताई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत समाधानाने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. त्याला भूक लागली होती. त्याने तीही खाल्ली.